बारी करुणाची होती

अजी,

'प्रिय' लिहिणार होते. लिहिलंही होतं, मग खोडलं. बावीस वर्षांत मी तुम्हाला 'अजी'शिवाय दुसरी हाक मारली नाही. आता तुम्ही राहिला नाहीत म्हणून एकदम प्रिय कसे व्हाल? शिवाय मी रागावलेली आहे. रागावलेल्या बाईनं प्रिय लिहिलं की खोटं दिसतं.

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होतं. आपल्या अकरा घरांच्या टोलीवर कार्यक्रम आहे. पत्रिका छापली आहे, गुळगुळीत कागदाची. तुमच्या नावामागे 'प्रकाशदूत' लावलं आहे. हसू नका! ज्या माणसाच्या शर्टाच्या खिशाला कायम टेस्टरनं भोक पडलेलं असायचं, तो प्रकाशदूत. एक पुढारी येणार आहेत, त्यांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा आहे. आणि अगदी खाली बारीक अक्षरात, 'मनोगत : श्रीमती सुनंदाताई'. म्हणजे मी. माझ्या नावामागचं सौ. गेलं आणि श्रीमती आलं, तेही मला पत्रिकेतच पहिल्यांदा दिसलं.

तर ते मनोगत लिहायला मी शाळेची वही घेऊन बसले. तीन पानं फाडली. मनात जे आहे ते माइकवर बोलण्यासारखं नाही, आणि माइकवर बोलण्यासारखं जे आहे ते मनात नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. जिवंतपणी ऐकलं नाही, आता तरी ऐका.

तुमची उजेडाची पेटी कपाटात आहे. काचेच्या कपाटात. कपाट टोलीच्या समाजमंदिरात आहे, त्याला पितळी कुलूप आहे आणि त्याची किल्ली इथे माझ्यापुढे, वहीवर पडली आहे. उद्या सगळ्यांसमोर ते कुलूप उघडायचं की तसंच ठेवून हात जोडायचे, हे मला सकाळच्या बसच्या आत ठरवायचं आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, यात ठरवायचं काय? पण तुम्हाला सगळं माहीत कुठं आहे! सांगते.

तुमच्या गावात मी नवरी होऊन आले, ते अंगण आज पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी फुगत आलं तशी माणसं उठली. आपण भंडाऱ्याजवळ शहापूरला आलो, तुम्हाला वरठीच्या कारखान्यात जायला सोपं म्हणून, आणि माझी शाळाही इथलीच. बाकीचे पुनर्वसनाच्या गावात गेले. त्यातली अकरा घरं दोन वर्षांत परत आली. तिथं खांब होता, नळ होता, सिमेंटचा रस्ता होता. हाताला काम नव्हतं. जुन्या गावच्या वरच्या टेकाडावर थोड्या धानाच्या बांध्या उरल्या होत्या, आणि खाली मासोळीसाठी डोंगा घालायला पाणी होतं. अकरा घरांची टोली झाली. वीज मात्र परत आली नाही.

तुम्ही रामभाऊंना घेऊन ऑफिसात गेला होतात. रामभाऊ तुमचे चुलतभाऊ, टोलीचे कर्तेधर्ते, पण साहेबापुढे त्यांची जीभ टाळूला चिकटते. टेबलामागचा माणूस म्हणाला, "तुमचं गाव बुडालेलं आहे. कागदावर आहे तसं. बुडालेल्या गावाला खांब कसा देऊ?" आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, मी बुडालेलाच माणूस बोलून राहिलो. आवाज येऊन राहिला ना?" घरी येऊन ते मला सांगताना तुम्ही किती हसलात! मला हसू आलं नाही. मी म्हटलं, मग खांब मिळाला का? तर चप्पल घालून बाहेर निघून गेलात.

त्यानंतर ती कंदील वाटणारी मंडळी आली. मोठी गाडी, बॅनर, टोप्या. घरटी एक सौर कंदील, आणि कंदील हातात धरून प्रत्येक बाईचा फोटो. छान होते कंदील. वर्षभरात एकेक करून सगळे विझले, आणि उघडायला गेलं तर कुठं स्क्रूच नाही, सगळं प्लास्टिक चिकटवून टाकलेलं. तुम्ही आपल्या ओसरीवर बसून करवतीच्या पात्यानं एक कापून पाहिला. आत बोटाएवढी बॅटरी निघाली. तुम्ही ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणालात, "सुनंदा, जी वस्तू उघडता येत नाही ते आपली नसते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढे लागणार आहे.

मग माझी ट्रंक गेली. लग्नात आईनं दिलेली पत्र्याची ट्रंक, वर कमळ, आणि कमळाखाली ऑइल पेंटनं माझं माहेरचं नाव. मी शाळेतून आले तर माझ्या साड्या पलंगावर आणि ट्रंकेला ड्रिलनं भोकं! विचारायची पद्धत तुमच्या घराण्यात नव्हतीच. आत बॅटरी बसवली, बाजूला चार्जर, वरच्या अंगाला बटणं, चार बल्बांच्या लांब वायरी, मोबाइलला लावायला आठ पिना. बिजागरी लावून घडी होणारं पॅनल. सगळं मिळून सायकलच्या कॅरिअरवर बसेल असं. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही पेटी घेऊन टोलीवर निघालात तेव्हा मीच मागून दोरी बांधून दिली, आठवतं? आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "तुह्यं नाव गावात पोचवून राहिलो." आणि मी विरघळले. एवढ्याशा गोष्टीनं विरघळायची मी. तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

अकरा घरं आणि पेटी एक. पण टोलीला वाटून घ्यायचं कसं, हे शिकवावं लागलं नाही. बोडीच्या तळ्याचं पाणी जसं बारीनं एकेका बांधीला सोडतात, तशी पेटीची बारी लागली. दुपारी चार वाजता पेटी हलायची. ज्या घरची बारी, त्या घरची बाई डोक्यावर चुंबळ ठेवून पेटी न्यायला यायची. तिच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंत. पेटी कोणाच्याही घरी असो, मोबाइल मात्र साऱ्या टोलीचे तिथंच चार्ज व्हायचे. आणि एक नियम तुम्ही स्वतः घातलात, समाजमंदिराच्या भिंतीवर खडूनं लिहिलात: ज्या घरी बाईला नववा महिना लागला, त्या घरी बारी मोडून पेटी जाईल आणि बाळंतपण होईपर्यंत तिथंच राहील.

तो नियम माझा होता, हेही आज सांगून टाकते. तुम्ही बॅटरीचं गणित करत होतात आणि मी कपडे वाळत घालता घालता म्हटलं होतं, पोटुशी बाई अंधारात ठेवू नका. भिंतीवर तुम्ही तुमच्या अक्षरात लिहिलंत आणि सगळ्यांनी तुमच्या शहाणपणाचं कौतुक केलं. असो!

आता तुमची दुसरी बाजू. ऐकायला आवडणार नाही. उद्या कोणी बोलणारही नाही, म्हणून बोलते.

करुणाला तुम्ही पेटी उघडू दिली नाहीत. करुणा, रामभाऊंची सून. बारावी झालेली, डोळ्यांत हुशारी मावत नाही अशी पोर. तुम्ही पाना फिरवायचा तेव्हा ती घागर खाली ठेवून बघत उभी राहायची. एकदा धीर करून म्हणाली, "काकाजी, मले दाखवा ना. वायर तर म्या बी कसू शकतो." तुम्ही हसलात. "करंट लागन तुले, तुहा सासरा मले मारन," म्हणालात आणि झाकण लावलंत. मी तिथं होते. जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नसते, तर मग ती पेटी टोलीची कधी झाली होती? ती तुमचीच होती. तुम्हाला दर रविवारी तिथं कोणीतरी 'काकाजी आले, काकाजी आले' म्हणून धावत यायला हवं होतं. मला कळायचं ते. इथं शहापूरच्या घरात तुमच्यासाठी कोणी धावत येत नव्हतं, मी तर कणीक मळत असायची.

आणि आपल्या घरचा इन्व्हर्टर? दीड वर्ष बंद. लाइन गेली की मी मेणबत्तीवर वह्या तपासायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या घरी नांदत होता. मी बोलले की तुम्ही म्हणायचा, "आपल्याकडे तर खांब आहे ना!" तुम्ही माणसाला उत्तरच उरू द्यायचे नाहीत.

गेल्या वर्षी त्या शनिवारपासून तुमची छाती भरून येत होती. मी भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे रविवारचा नंबर लावला. लावला होता, तुमच्यासमोर फोन केला होता! रविवारी मी आंघोळ करून आले तर गाडी दारात नाही. टोलीवरून फोन होता म्हणे, पेटीची वायर जळाली म्हणे. जळालेली वायर बदलायला दहा मिनिटं लागतात, करुणानं बदलली असती, तुम्ही शिकवलं असतं तर. संध्याकाळी हसत घरी आलात, तंबाखू मळत म्हणालात, "गॅस आहे, बाकी काई नाही." सोमवारी कारखान्याच्या गेटावर पडलात. हजेरीसुद्धा लागली नव्हती.

गॅस! वर्ष झालं, तो शब्द कुणी उच्चारला की मला त्या माणसाला हलवून सोडावंसं वाटतं.

तुमच्या जलदान विधीला आणि पुण्यानुमोदनाला सारी टोली शहापूरला आली होती. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. करुणाही होती. वंदना झाली आणि रामभाऊ उभे राहिले. त्यांना बोलता येत नाही, तरी बोलले. "दादाची पेटी आता आमी वापराची कशी? हात लावाले मन होत नाही. आमी ठरवलं, पेटी जपून ठेवाची. पोराबाराले दिसली पायजे." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! वाटलं, तुम्ही गेलात म्हणून तुम्हाला कोणी विसरणार नाही. माझी ट्रंक, तुमचा हात, दोन्ही एका जागी राहतील.

महिन्याभरात कपाट आलं. काचेचं, आत निळा मखमली कपडा. "टोलीत पयल्यांदा काचेचं कपाट आलं, वयनी," रामभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो ऐकून मीही 'छान आहे' म्हटलं. आत पेटी ठेवली, पॅनल घडी करून मागे उभं केलं, पेटीपुढे तुमचा फोटो. फोटो असा ठेवला की माझं नाव झाकलं गेलं. हार घातला. कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी, एखादा मान द्यावा तशी. आणि मग सगळ्यांनी त्या कपाटापुढे एकेक मेणबत्ती लावली.

उजेडाच्या पेटीपुढे मेणबत्त्या! अजी, तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. तिथं कोणालाच हसू आलं नाही. मीही गंभीर तोंडानं माझी मेणबत्ती लावली आणि बसनं घरी आले. टोलीतल्या घरांमध्ये त्या दिवसापासून पुन्हा डिझेलच्या चिमण्या लागल्या.

आणि मला माहीत होतं. हे सगळ्यात वाईट आहे. तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं, "बॅटरी म्हंजे म्हैस आहे. रोज दोहावी लागते, रोज चारा द्यावा लागते. नाही दोहली का आटली." मी म्हशीच्या घरची लेक, ते मला लगेच पटलं होतं. काचेच्या कपाटात, घडी केलेल्या पॅनलसकट, मखमलीवर ठेवलेली म्हैस आटणार हे मला ठाऊक होतं. मी मास्तरीण आहे, अडाणी नाही. पण किल्ली आपल्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली होती आणि येता-जाता मी तिला हात लावायची. त्या किल्लीमुळे मला वाटायचं, तुमचं काहीतरी अजून माझ्या ताब्यात आहे. जिवंतपणी तुम्ही काही ताब्यात आला नाहीत.

फाल्गुनात रामभाऊ आले होते. चहा बशीत ओतून पीत बसले, बराच वेळ इकडचं तिकडचं. मग खाली मान घालून म्हणाले, "वयनी, लोकं इचारून राहिले. पेटी काढाची का? आता मोबाइल चार्ज कराले रोडवरच्या टपरीवर जावं लागते. करुणाले बी दिवस गेले आहेत."

मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "वर्ष तरी होऊ द्या, भाऊजी. वर्षाच्या आत काढली तर त्यांना काय वाटेल?"

तुम्हाला काय वाटेल! मेलेल्या माणसाला काय वाटेल याची मला काळजी. रामभाऊ लगेच उठले. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. तो माणूस कोणालाच नाही म्हणू शकत नाही, ना साहेबाला, ना मला.

धानाचे रोवणे सुरू झाले तसा करुणाला नववा लागला. टोलीतली धडधाकट माणसं दिवसभर दुसऱ्याच्या चिखलात रोवणीला. घरी म्हातारी माणसं, लेकरं आणि करुणा. दोन दिवस पावसानं पायवाट मोडली होती, म्हणून टपरीवर कोणी गेलं नव्हतं. भरदुपारी तिच्या पोटात कळा आल्या. तिच्या मोबाइलमध्ये चार्ज नाही. शेजारच्या घरी गेली, तिथं नाही. तिसऱ्या घरी होता तो नंबर लावता लावताच बंद पडला. अकरा घरं, अजी, आणि एकातही फोन नाही! एक म्हातारा काठी टेकत बांध्यांतून गेला, रोवणीवरच्या माणसांना हाका मारत. ते धावले, कोणी रोडवर गेलं, टपरीवाल्याच्या फोनवरून गाडी बोलावली. गाडी आली, पण रोडपर्यंतच येऊ शकते. करुणाला खाटेवर घालून चौघांनी चिखलातून नेली. रोड दिसायला लागला होता तेव्हा बाळ झालं. मुलगी होती. रडली नाही.

मला पाचव्या दिवशी कळलं. कळल्याबरोबर गेले. करुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं ती मला बोलेल, शिव्या देईल, हाकलून लावेल. द्यायला हव्या होत्या. ती अगदी हळू, एखादं गणित पडताळून पाहावं तसं म्हणाली, "काकूजी, नववा लागल्यावर बारी माही होती ना? भितीवर तर तसंच लिवलं आहे."

मी हो म्हटलं. "हो, तुझीच होती."

"मले वाटलंच," म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

मी तिथून सरळ समाजमंदिरात गेले. कुलूप काढलं. फोटो बाजूला केला, झाकण उघडलं, बटण दाबलं. काहीच नाही. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरं मीठ चढलेलं, हाराच्या वाळक्या पाकळ्या वायरींत पडलेल्या. भिंतीवर तुमचं खडूचं अक्षर अजून आहे, ओल लागून थोडं पसरलं आहे. मी पेटी उचलून बाहेर न्यायला निघाले तर रामभाऊ दारात. त्यांची नात गेली होती, डोळे सुजलेले. तरी म्हणाले, "वयनी, आता नको. मोठे लोकं येऊन राहिले. पत्रिका छापाले टाकल्या. रिकामं कपाट दिसन तं बरं वाटन काय? कार्यक्रम होऊ द्या, मंग पाहू."

आणि मी पेटी परत ठेवली! पुन्हा कुलूप लावलं. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी वेडी होते असं म्हणू. दुसऱ्या वेळी काय म्हणायचं? महिना होत आला, मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला दोष देऊन पाहिला, रामभाऊंना देऊन पाहिला, त्या ऑफिसातल्या माणसाला, प्लास्टिकच्या कंदीलवाल्यांनाही देऊन पाहिला. सगळ्यांचा थोडा थोडा आहेच. पण तो फिरून फिरून कॅलेंडरच्या त्या खिळ्यावरच येतो.

करुणाचं बाळ पेटीमुळे नक्की वाचलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. नर्सबाईही म्हणाली, सांगता येत नाही. पण फोन लागला असता. पावसातही पॅनल थोडंथोडं घेतं, हे तुमचंच वाक्य. गाडी आधी येऊन रोडवर उभी असती. खाट आधी निघाली असती. एवढं तर सांगता येतं!

आज सकाळी मी शाळेतून सुट्टी घेतली आणि बसनं भंडाऱ्याला गेले. तुमच्या नेहमीच्या दुकानातून नवी बॅटरी आणली. दुकानदारानं ओळखलं, खुर्ची दिली, तुमच्या आठवणी काढायला लागला. मी म्हटलं, आठवणी राहू द्या, हिची तार कशी जोडायची ते दाखवा. त्यानं दाखवलं. लाल कुठं, काळी कुठं, आधी कोणती काढायची. सांगते काय, दहा मिनिटंही लागली नाहीत! इतकी वर्षं तुम्ही ज्याला मोठी विद्या म्हणून झाकण लावून बसलात ती ही. मी तिथं दुकानात रडले. दुकानदाराला वाटलं तुमची आठवण आली. मला राग आला होता.

बॅटरी आता पलंगावर ठेवली आहे, तुम्ही झोपायचा त्या बाजूला. तुमचा टेस्टर आणि पाना माझ्या हातपिशवीत घातला आहे.

तर उद्याचं ठरलं, बरं का. हे पत्र लिहिता लिहिता ठरलं. पुढाऱ्यांचं भाषण होईल, हार होतील. माझं नाव पुकारतील. मी मनोगत म्हणून भिंतीवरचा नियम वाचून दाखवेन, तुमच्या अक्षरातला, आणि तो मोडला कोणी ते सांगेन. माझं नाव घेऊन सांगेन, दुसऱ्या कोणाचं नाही. मग कुलूप काढेन. कोणी मेणबत्ती लावलेली असली तर फुंकून टाकेन. अशुभ म्हणतील, म्हणू देत. रामभाऊ मध्ये येतील, तर मी पहिल्यांदा त्यांना दिरासारखं नाही, माझ्या वर्गातल्या पोरासारखं बोलेन. नवी बॅटरी तिथंच, सगळ्यांसमोर, झाकण उघडं ठेवून बसवेन. लाल-काळी चुकली तर ठिणगी उडेल. उडू दे.

आणि चुंबळ करून पेटी माझ्या डोक्यावर घेईन. नवरी होऊन आले तेव्हा ही ट्रंक दुसऱ्यांनी उचलली होती, उद्या मी उचलेन. करुणाच्या दारात जाईन. ती दार उघडणार नाही कदाचित. कशाला उघडेल? 'आता कायले आणली?' म्हणेल, आणि ते बरोबर असेल. तिला उजेड नको असेल तर नको. मी ओट्यावर पेटी ठेवेन, शेजारी टेस्टर आणि पाना ठेवेन, झाकण उघडं ठेवेन आणि बसून राहीन. ती कधी तरी बाहेर येईल. शिकायला येईल, नाहीतर मला हाकलायला येईल. दोन्हीला मी तयार आहे. तुम्ही तिला झाकण लावून दाखवलं होतं. मी उघडं ठेवून बसेन, एवढं वचन देते.

तुमचा फोटो कपाटातच राहील. तुम्हाला आता कपाट चालतं, तुम्ही आटणार नाही. कुलूप मात्र नसेल.

दुपारी बरोबर चार वाजता पेटी हलेल. बारी कोणाची, हे टोलीत कोणाला विचारायची गरज नाही.

तुमची,
मास्तरीण,
जिच्याकडे किल्ली होती